एका फटक्याचे अंतर : गोल्फमधील पटिंग आणि त्याचा शिस्तबद्ध सराव

७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकमधील महिला गोल्फची अखेरची फेरी. कासुमिगासेकी कंट्री क्लबच्या अठराव्या ग्रीनवर भारताची अदिती अशोक चेंडूमागे उभी होती. जागतिक क्रमवारीत तेव्हा दोनशेव्या स्थानावर असलेली, कॅडी म्हणून आईला सोबत घेऊन उतरलेली ही तेवीस वर्षांची खेळाडू पदकाच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. तो लांबचा फटका होलमध्ये गेला असता तर पदकासाठीच्या जादा लढतीत तिला स्थान मिळाले असते. चेंडू होलच्या जवळून निघून गेला. नेली कोर्डा उणे १७, मोने इनामी आणि लिडिया को उणे १६, अदिती उणे १५ अशी गुणसंख्या राहिली. एका फटक्याने पदक हुकले आणि चौथे स्थान हाती आले.

ही कहाणी बहुधा हळहळीने सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. त्या स्पर्धेत पहिला लांब फटका मारण्याच्या अंतरात अदिती शेवटच्या काही खेळाडूंमध्ये होती. तिच्याहून कितीतरी दूर चेंडू मारणाऱ्या खेळाडूंना तिने मागे टाकले ते प्रामुख्याने ग्रीनवर, हाती पटर असताना. ताकद, उंची आणि वय यांचे बंधन सर्वांत कमी असलेला खेळाचा हा भाग आहे. शाळकरी मुलाला आणि निवृत्त गृहस्थाला तो सारखाच शिकता येतो. मात्र तो नुसते चेंडू ढकलत राहिल्याने सुधारत नाही. कशाचा सराव करायचा, कोणत्या क्रमाने करायचा आणि प्रगती कशी मोजायची, हे ठरवावे लागते.

पटिंगचे मोल किती?

ग्रीनवरील अगदी आखूड कापलेल्या गवतावरून चेंडू घरंगळत होलकडे नेणाऱ्या फटक्याला ‘पट’ म्हणतात आणि त्यासाठीच्या काठीला पटर. ७२ पारच्या मैदानावर प्रत्येक होलसाठी दोन पट गृहीत धरलेले असतात. अठरा होलांचे ३६, म्हणजे निम्मा हिशेब पटरचाच. अव्वल व्यावसायिक खेळाडू एका फेरीत सरासरी २९च्या आसपास पट घेतात.

कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या पीजीए टूरवरील लाखो फटक्यांचा अभ्यास केला. त्यातून पुढे आलेले चित्र अनेकांना चकित करणारे होते. तीन फुटांवरून व्यावसायिक खेळाडू शंभरापैकी सुमारे ९६ पट होलमध्ये घालतात. पाच फुटांवर हे प्रमाण ७७वर येते आणि आठ फुटांवर निम्मे पट चुकतात. दहा फुटांवरून ४०, वीस फुटांवरून १५ आणि तीस फुटांवरून अवघे ७ पट आत जातात. जगातील सर्वोत्तम खेळाडूंची ही स्थिती असताना दहा फुटांचा पट चुकला म्हणून हौशी खेळाडूने कपाळावर हात मारण्याचे कारण नाही.

ब्रॉडी यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. व्यावसायिकांमध्ये सरस खेळाडू इतरांवर जी आघाडी घेतात, तिच्यात पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्केच असतो. मोठा वाटा लांबच्या फटक्यांचा असतो. त्यामुळे पटिंग सुधारले की सारा खेळ सुधारेल, असे मानणे चूक ठरेल. परंतु हौशी खेळाडूचे जे फटके एकाच ग्रीनवर तीन-तीन पट घेण्यात वाया जातात, ते वाचवण्यासाठी ना तरुण शरीर लागते, ना महागडी साधने.

आधी अंतर, मग दिशा

बहुतेक नवोदित खेळाडू चेंडू डावीकडे गेला की उजवीकडे, एवढेच पाहतात. गणित मात्र वेगळे सांगते. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर असतो. त्यामुळे सपाट ग्रीनवर तीन फुटांवरून दिशेत सुमारे ३.४ अंशांची चूक खपते, दहा फुटांवरून एका अंशाची आणि वीस फुटांवरून अवघ्या अर्ध्या अंशाची.

आता तीस फुटांचा पट घ्यावा. तेथे दिशा तब्बल दोन अंशांनी चुकली, तरी चेंडू होलपासून बाजूला जाईल तो साधारण एक फूट. परंतु चेंडूला दिलेला वेग दहा टक्क्यांनी जास्त झाला, तर चेंडू सहा फूट पुढे जाऊन थांबेल. कारण चेंडू किती दूर जाईल हे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते. सहा फुटांवरून परतीचा पट व्यावसायिक खेळाडूही तीनांत एकदा चुकवतात. म्हणजेच तीन पटांचे मूळ बहुतेक वेळा दिशेत नसून अंतराच्या अंदाजात असते.

वेगाचा होलच्या रुंदीशीही संबंध आहे. चेंडू संथ आला तर होलच्या कडेवरूनही आत पडतो. वेगाने आला तर अगदी मध्यावर येऊनही ओलांडून जातो. सेकंदाला सुमारे १.६ मीटरपेक्षा अधिक वेग असलेला चेंडू सपाट ग्रीनवर होलच्या मधोमध गेला तरी आत पडत नाही. एकेकाळी नासामध्ये संशोधक असलेले आणि पुढे गोल्फचे प्रशिक्षक म्हणून नाव मिळवलेले डेव्ह पेल्झ यांच्या मते, चुकल्यास होलच्या १७ इंच पुढे जाऊन थांबेल असा वेग सर्वांत फलदायी असतो. प्रत्येक ग्रीनवर हाच आकडा लागू पडेल असे नाही. पण होलपर्यंत न पोहोचणारा चेंडू आत जाण्याची शक्यता शून्य, एवढे त्यातून पक्के लक्षात राहते.

उभे राहण्याची रीत

सरावाला लागण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित आतल्या बाजूस असावेत. आरशासमोर उभे राहून, किंवा नाकाच्या वरच्या टोकापासून एक चेंडू खाली सोडून ही जागा पाहता येते. पटरवरची पकड सैल असावी. झोका खांद्यांतून यावा आणि मनगटे शांत राहावीत. चौथी गोष्ट लयीची. पटर मागे नेण्यास लागणारा वेळ चेंडूपर्यंत येण्याच्या वेळेच्या साधारण दुप्पट असतो आणि पट लांबचा असो की जवळचा, हे प्रमाण फारसे बदलत नाही. लांब पटासाठी झोका मोठा करावा. ऐन वेळी हाताने जोर लावू नये.

अंतराचे सराव

*शिडी.* सराव-ग्रीनवर दहा फुटांवर एक टी आणि वीस फुटांवर दुसरी टी रोवावी. होलचा विचार करू नये. पहिला चेंडू जवळच्या टीच्या किंचित पुढे थांबवावा. त्यानंतरचा प्रत्येक चेंडू आधीच्या चेंडूच्या पुढे, पण शक्य तितका त्याच्या जवळ थांबला पाहिजे. दूरची टी येईपर्यंत मधल्या दहा फुटांत किती चेंडू बसले, ते मोजावे. एखादा चेंडू आधीच्याच्या मागे राहिला की मोजणी थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. आज पाच बसले आणि महिन्याने आठ, तर हात अंतर शिकला असे समजावे.

*तीन फुटांचे रिंगण.* होलभोवती तीन फूट त्रिज्येचे वर्तुळ चार टी रोवून दाखवावे. वीस, तीस आणि चाळीस फुटांवरून प्रत्येकी तीन पट मारावेत. मात्र एकाच ठिकाणाहून लागोपाठ दोन पट मारू नयेत. नऊपैकी किती चेंडू रिंगणात थांबले, याची नोंद करावी. रिंगणाच्या अलीकडे किती राहिले आणि पलीकडे किती गेले, हेही लिहावे. ज्याचे सारे चेंडू अलीकडेच राहतात, त्याला आपला दोष कागदावर दिसतो.

*न पाहता अंदाज.* पट मारल्यावर मान वर न करता ‘कमी’, ‘जास्त’ किंवा ‘बरोबर’ असे मोठ्याने म्हणावे आणि मगच पाहावे. हाताला जाणवलेला वेग आणि प्रत्यक्ष अंतर यांची सांगड घालणारा हा सर्वांत स्वस्त सराव आहे. त्यामुळे घाईने डोके उचलण्याची सवयही सुटते.

दिशेचे सराव

*दार.* चेंडूच्या ३० सेंटिमीटर पुढे दोन टी अशा रोवाव्यात, की मधून जाताना चेंडूच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर मोकळी जागा राहील. या दारातून न अडखळता गेलेल्या चेंडूची दिशा साधारण एका अंशाच्या आत असते. वर पाहिल्याप्रमाणे दहा फुटांच्या सरळ पटाला नेमकी एवढीच अचूकता लागते. टायगर वुड्स यांचा अशाच धर्तीचा सराव प्रसिद्ध आहे. ते पटरच्या डोक्याच्या दोन्ही टोकांना टी रोवून त्यांच्या मधून पटर फिरवतात, तेही आधी एका हाताने आणि मग दोन्ही हातांनी.

*दोरी.* आठ ते दहा फुटांचा अगदी सपाट, सरळ पट शोधावा. होलच्या मागे आणि चेंडूच्या मागे खुंट्या रोवून चेंडूच्या वरून पातळ दोरी ताणून बांधावी. पटरचे तोंड दोरीशी काटकोनात आहे का, झोका दोरीखालून जातो का, हे डोळ्यांना थेट दिसते. चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे मुख्यतः पटरच्या तोंडाच्या कोनावर ठरते, झोक्याच्या मार्गावर त्या मानाने कमी. म्हणून दोन्ही दोष दिसल्यास आधी तोंडाचा कोन सुधारावा.

जवळच्या पटांसाठी घड्याळ

होलभोवती बारा, तीन, सहा आणि नऊच्या काट्यांच्या जागी चार चेंडू तीन फुटांवर ठेवावेत. होल उतारावर असेल तर उत्तमच. कारण मग एक पट चढाचा, एक उताराचा आणि दोन आडव्या वळणाचे होतात. चारही आत गेले की चार फुटांवर आणि मग पाच फुटांवर जावे. बारापैकी एक जरी चुकला, तरी पुन्हा तीन फुटांपासून सुरुवात करावी. फिल मिकेल्सन होलभोवती तीन फुटांच्या वर्तुळात चेंडू मांडून लागोपाठ शंभर पट आत घालण्याचा प्रयत्न करत असत.

या सरावाचा खरा लाभ शेवटच्या दोन चेंडूंवर मिळतो. दहा पट आत गेले आहेत, अकराव्याला चुकलो तर सारे पुन्हा करावे लागेल, या विचाराने हात जड होतो. सामन्यात जाणवणारा ताण येथे लहान प्रमाणात भेटतो आणि त्याची ओळख होते.

ग्रीन कशी वाचावी?

वळणाचा पट मारण्यापूर्वी होलच्या खालच्या बाजूने उतार पाहावा. तेथून तो अधिक स्पष्ट दिसतो. चेंडू होलजवळ येताना मंदावतो, म्हणून शेवटच्या तीन-चार फुटांतील उताराचा प्रभाव सर्वाधिक असतो. पाणी ओतले तर ते कोणीकडे वाहील, हा प्रश्न मनाशी विचारावा.

आपल्याकडच्या उष्ण हवामानात गवताचा कलही पाहावा लागतो. उष्ण प्रदेशांतील ग्रीनवर सामान्यतः बर्म्युडा जातीचे गवत असते. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वांच्या, म्हणजे हरळीच्या, कुळातलेच हे गवत. त्याची पाती एका दिशेला झुकून वाढतात. चेंडूमागून पाहताना ग्रीन चकाकत असेल तर पाती पुढच्या दिशेने झुकलेली असतात आणि चेंडू वेगाने धावतो. ती गडद दिसत असेल तर पाती समोरून येतात आणि चेंडू अडतो. होलच्या ज्या कडेला गवत विस्कटलेले किंवा तपकिरी दिसते, त्या बाजूला पाती वाढत असतात. सकाळी दव असताना ग्रीन संथ असते, ते सुकल्यावर वेग वाढतो आणि दुपारनंतर गवत वाढू लागले की पुन्हा मंदावतो. सकाळी केलेला अंतराचा सराव संध्याकाळच्या फेरीला जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळेच.

ग्रीनचा वेग मोजण्यासाठी स्टिम्पमीटर नावाचे साधे उपकरण वापरतात. एडवर्ड स्टिम्पसन यांनी ते १९३५ साली तयार केले. आजचे उपकरण म्हणजे ३६ इंच लांबीची खाच असलेली अॅल्युमिनियमची पट्टी. पट्टी सुमारे वीस अंशांपर्यंत उचलली की चेंडू सुटतो आणि तो सपाट ग्रीनवर जितके फूट जातो, तितका त्या ग्रीनचा वेग मानला जातो.

पावसाळ्यातील सराव घरी

गोव्यात काणकोणच्या राजबाग येथे हॉटेलच्या आवारात नऊ होलचे मैदान आहे, बेळगावातही गोल्फचे मैदान आहे. पण जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पावसापुढे मैदानावर नियमित सराव करणे कठीणच. हे चार महिने वाया घालवण्याची गरज नाही. घरातील सतरंजीचा वेग ग्रीनसारखा नसतो, म्हणून तेथे अंतराचा सराव करू नये. दिशा आणि लय यांचा सराव मात्र उत्तम होतो.

एक मीटर लांबीची पोलादी मोजपट्टी जमिनीवर ठेवून तिच्या एका टोकावर चेंडू ठेवावा आणि तो शेवटपर्यंत पट्टीवरूनच नेण्याचा प्रयत्न करावा. दिशा थोडी जरी ढळली, तरी चेंडू बाजूला घसरतो. दहापैकी सात वेळा चेंडू टोकापर्यंत जाऊ लागला की पट्टीपुढे पाणी पिण्याचा स्टीलचा पेला आडवा ठेवावा. त्याचे तोंड होलहून लहान असल्याने पुढे मैदानावरचे होल मोठे भासते. १० रुपयांचे नाणेही चालते. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. सहा फुटांवरून चेंडू त्याच्यावरून नेण्याचा सराव नजर बारीक करतो. दिवसाला पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

नजर आणि मन

कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी पटिंग करताना खेळाडूंची नजर कोठे असते, याचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध केला. निष्णात खेळाडू फटक्यापूर्वी चेंडूवरील एकाच जागी दोन-तीन सेकंद नजर स्थिर ठेवतात आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर तेथेच पाहत राहतात, असे त्यांना आढळले. नवख्यांची नजर मात्र चेंडू, पटर आणि होल यांच्यात भिरभिरत राहते. म्हणून प्रत्येक सरावात शेवटची नजर होलकडे, मग चेंडूच्या मागच्या कडेवरील एका बिंदूकडे आणि मगच फटका, हा क्रम पाळावा.

जवळच्या पटांवर हात अचानक झटका घेण्याच्या व्याधीला गोल्फमध्ये ‘यिप्स’ म्हणतात. मास्टर्स स्पर्धा १९८५ आणि १९९३ मध्ये जिंकणारे बर्नहार्ड लँगर यांनाही तिने अनेकदा ग्रासले. पकड बदलून, नवे मार्ग शोधून ते पुन्हा उभे राहिले. अशा वेळी एकट्या तळहाताचा सराव, पटरची पकड बदलणे किंवा होलऐवजी रिकाम्या जागी पट मारणे यांचा उपयोग होऊ शकतो.

एकाच जागेवरून पन्नास पट नकोत

सराव-ग्रीनवर तीन चेंडू टाकून एकाच ठिकाणाहून पुनःपुन्हा मारणारे खेळाडू सर्वत्र दिसतात. तिसरा चेंडू आत जातो आणि समाधान वाटते. परंतु मैदानावर तिसरी संधी कधीच नसते. हालचाली शिकण्याबाबत शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ साली केलेल्या प्रयोगात असे दिसले, की एकच कृती सलग करणाऱ्यांची प्रगती सरावाच्या वेळी जलद भासते. पण वेगवेगळ्या कृती आलटून-पालटून करणाऱ्यांच्या ती पुढे अधिक टिकते. पटिंगलाही हे लागू पडते. तंत्र सुधारायचे तेव्हा सलग सराव ठीक. खेळ सुधारायचा तेव्हा जागा, अंतर आणि उतार दर वेळी बदलावेत.

त्यासाठी ‘एक चेंडू, नऊ होल’ हा खेळ उत्तम. सराव-ग्रीनवर एकच चेंडू घेऊन नऊ वेगवेगळ्या अंतरांवरून प्रत्येक वेळी होलमध्ये जाईपर्यंत खेळावे. प्रत्येक होलला दोन पट धरले तर पार १८. प्रत्येक पटापूर्वी सामन्यातल्याप्रमाणे उतार पाहावा, नजर स्थिर करावी. २०१९ पासूनच्या नियमांनुसार पट मारताना झेंडा होलमध्ये तसाच ठेवता येतो आणि बुटांच्या टोकांनी ग्रीनवर पडलेले व्रण दुरुस्त करता येतात. तेही सरावातच अंगवळणी पाडावे.

आठवड्याचा आराखडा

• दोन दिवस, प्रत्येकी ३० मिनिटे मैदानावर : निम्मा वेळ शिडी व रिंगण, एक चतुर्थांश दार किंवा दोरी, उरलेला घड्याळासाठी.
• तीन दिवस, प्रत्येकी १५ मिनिटे घरी : मोजपट्टी, नाणे आणि लय.
• एक दिवस : ‘एक चेंडू, नऊ होल’. गुणसंख्या तारखेसह वहीत.
• प्रत्यक्ष फेरीत : प्रत्येक होलला पहिल्या पटाचे अंतर, चेंडू कमी राहिला की पुढे गेला, आणि एकूण पट किती, एवढ्या तीनच नोंदी.

चार आठवड्यांनी वही उघडून पाहावी. तीन पटांची होल बहुतांशी लांबून झाली असतील तर रिंगणाला अधिक वेळ द्यावा. चार-पाच फुटांवरून चुकत असतील तर घड्याळाला. ग्रीन वाचण्यात चूक होत असेल, तर चेंडू सतत वळणाच्या खालच्या बाजूनेच जाताना दिसेल. कोणता सराव वाढवायचा, हे आवडीनिवडीवर न सोडता वहीवरून ठरवावे.

टोकियोतील त्या अखेरच्या पटानंतर अदितीचे नाव भारतात घरोघरी पोहोचले. ज्यांनी तोवर गोल्फ कधीच पाहिला नव्हता, त्यांनीही त्या दिवशी पहाटे उठून दूरचित्रवाणी संच लावला होता. चौथ्या फेरीपर्यंत तिला पदकाच्या शर्यतीत ठेवणारे कौशल्य आखूड गवतावर, मोजून-मापून केलेल्या सरावातून येते. त्याची सुरुवात एका पटरने, एका चेंडूने आणि घरातल्या सतरंजीवर ठेवलेल्या आडव्या पेल्यानेही करता येते.